आधी गुडघा

प्रसूती वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या सिस्टरला तोंडावर सगळे नुसतं ‘सिस्टर’ म्हणत आणि पाठ वळली की ‘टकटक सिस्टर’. हे तिच्या कानावर नव्हतं अशातला भाग नाही. पण असल्या गोष्टींनी अंगाला भोकं पडत नाहीत, हे ती नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकली होती. उलट एखादी नवी आया चुकून तोंडावरच ‘टकटक सिस्टर, तुमचा फोन’ म्हणाली, तर ही ‘आले’ म्हणून सहज उठायची आणि ती बिचारी आयाच जीभ चावायची.

नाव पडलं होतं तिच्या हातोडीवरून. इतर सिस्टरांच्या खिशात पेन असे, थर्मामीटर असे, एखादीच्या खिशात चोरून खायची बिस्किटं असत. हिच्या खिशात रबरी डोक्याची छोटी हातोडी. वॉर्डाच्या कपाटात तशा आणखी तीन होत्या, पण त्या हिला चालत नसत. एकीचा दांडा हलतो, दुसरीचं रबर दगडासारखं झालंय, तिसरीबद्दल तर ती बोलायलाही तयार नसे. स्वतःच्या हातोडीवर मात्र तिचा एवढा जीव, की ती एकदा लाँड्रीत गेलेल्या एप्रनबरोबर नाहीशी झाली तेव्हा सिस्टर स्वतः तळघरात उतरली आणि चादरींच्या ढिगाऱ्यातून तिला शोधूनच वर आली.

आता बाळंतिणींच्या वॉर्डात गुडघ्यावर ठोकायच्या हातोडीचं काय काम, असं कुणालाही वाटेल. नर्सिंगच्या मुलींनाही वाटायचंच. दर वर्षी नवी तुकडी यायची, पांढरे कडक कपडे, त्याहून कडक चेहरे, आणि पहिल्याच आठवड्यात सिस्टर त्यांना शेवटच्या खाटेजवळ उभं करून हा धडा द्यायची. धडा ठरलेला होता, पण ती तो दर वेळी असा सांगायची की जणू आत्ताच तिला सुचतोय.

“काही बायकांचं बीपी गरोदरपणात चढतं,” ती म्हणायची. “चढतं ते इतकं, की शेवटी मेंदू तापतो आणि झटका येतो. एकदा का झटका आला, की आई आणि बाळ दोघांचाही जीव टांगणीला. त्यावर औषध कुठलं?”

“मॅग्नेशियम सल्फेट,” मुली एका सुरात.

“पुस्तकात आहे म्हणून म्हणताय. ते करतं काय?”

इथे सगळ्या गप्प. सिस्टरला हा क्षण फार आवडायचा. लबाडच होती ती.

“मग ऐका. मज्जापेशीला भोवती एक आवरण असतं, अगदी पातळ. त्याच्या आत खारं पाणी, बाहेर खारं पाणी. पाण्यात मिठाचे कण. प्रत्येक कणाने विजेचा भार घेतलेला. त्यांना म्हणायचं आयन. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, सगळे आयनच. आवरणाला दारं असतात. दार उघडलं, आयन आतबाहेर गेले, की तोच झाला विजेचा प्रवाह. आपल्या घरातल्या तारेसारखं नाही हं ते. इथे कण स्वतः चालत जातात. एक पेशी दुसरीला हाक मारते, दुसरीचं दार उघडतं, आयन आत शिरतात, ती चेतते आणि तिसरीला हाक मारते. असं चालतं म्हणून तुम्ही आत्ता माझ्याकडे बघताय आणि मागची ती जांभई देतेय.”

मागची मुलगी घाईघाईने तोंड मिटायची.

“झटका येतो तेव्हा या सगळ्या एकदम ओरडायला लागतात. कुणी कुणाचं ऐकत नाही. तेव्हा आपण शिरेतून मॅग्नेशियम सोडतो. तोही आयनच. पेशी आतून ऋण भाराची, हा धन भाराचा, म्हणजे त्याला आतून ओढ लागते. हा निघतो. पण याच्या अंगावर पाण्याचा जाडजूड कोट असतो आणि हा गडी तो कोट काढायला तयार नाही! दाराच्या अरुंद जागेत येतो आणि अडकतो. धड आत नाही, धड बाहेर नाही. त्याच्यामागे बाकीच्यांची रांग खोळंबते. प्रवाह बंद. पेशी गप्प.”

“मग तो निघतो कधी?” कुणीतरी धीट मुलगी विचारायची.

“पेशी फारच चेतली तर आतला ऋण भार ओसरतो, मग ओढ सुटते आणि तो बाहेर पडतो. म्हणून बाहेर पुरेसं मॅग्नेशियम लागतं. एक उठला की दुसरा त्या जागी बसायला तयार पाहिजे. आणि झटके थांबायचं एवढंच कारण आहे असंही समजू नका. मोठ्या मॅडम म्हणतात, पुरतं गणित अजून कुणालाच उलगडलेलं नाही.”

मोठ्या मॅडम म्हणजे वॉर्डाच्या मुख्य डॉक्टर. हे सगळं सिस्टरला त्यांनीच शिकवलं होतं, ती नवी असताना, दोन बाळंतपणांच्या मधे उभ्याउभ्या चहा पिताना. मॅडमचं बोलणं तुटक आणि आवाज मोठा. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय त्या कप खाली ठेवत नसत.

“आता मुद्द्याची गोष्ट,” सिस्टर हातोडी वर धरायची. “औषधाला काय कळतं, मेंदू कुठला आणि छाती कुठली? स्नायूजवळ मज्जातंतूचं टोक असतं. तिथे कॅल्शियम आत शिरला तरच स्नायूला निरोप पोचतो. मॅग्नेशियम जास्त झालं की ते तिथेही कॅल्शियमची वाट अडवतं. आधी गुडघा गप्प होतो. तरीही औषध चालूच ठेवलं, तर मग श्वास गप्प होतो. गुडघा ओरडून सांगत नाही, आपण विचारावं लागतं. म्हणून प्रत्येक डोसच्या आधी काय?”

“आधी गुडघा, मग औषध.”

“आणि पहिल्या डोसच्या आधी? तेव्हा तर अंगात औषधच नसतं. मग तेव्हा कशाला ठोकायचा?”

मुली वह्या चाळायला लागायच्या.

“कारण काही धडधाकट माणसांचा गुडघा जन्मापासूनच उडत नाही. ते आधी पाहून ठेवलं नाही, तर नंतर न उडालेला गुडघा बघून तुम्ही समजणार औषध चढलं, आणि चांगलं चाललेलं औषध बंद करून बसणार. झटक्याच्या गडबडीतही एक टकटक करायला वेळ असतो. नाही म्हणणारीला मी वॉर्डात उभी करणार नाही.”

असा तिचा दरारा. घरी मात्र कुणी तिला जुमानत नव्हतं. तिचा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत जेवणाच्या टेबलावर कायम एखादं यंत्र पोट उघडून पडलेलं असे. जेवायचं तर आधी बॉबिन, स्क्रू आणि तेलाची कुपी बाजूला सारायची. सिस्टर त्यावरून रोज बोलायची, तो रोज ‘उद्या आवरतो’ म्हणायचा, आणि दोघांचंही त्यात छान चाललं होतं. शेजारच्या बाया विचारायच्या, तुमच्यात कधी भांडण होत नाही का? तो म्हणायचा, “होतं की. रोजच होतं. पण आम्ही ते जेवायच्या आधी उरकून घेतो.”

त्यांना एकच मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे, म्हणून तिला भिंगरी म्हणू लागले आणि लग्न झालं तरी तेच नाव राहिलं. भिंगरी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिचा नवरा पोहण्याच्या तलावावर शिकवायचा. सहा फुटांचा गडी, बुडत्या माणसाला केसाला धरून वर काढणारा, पण बोटाला सुई टोचताना पाहिली तरी त्याला घेरी यायची. सिस्टरला जावई मनापासून आवडायचा आणि त्याची चेष्टा करायची एकही संधी ती सोडायची नाही.

भिंगरीला दिवस गेले तेव्हा सिस्टरने ठरवलं होतं, मध्ये पडायचं नाही. नाहीतर मुलगी म्हणेल, वॉर्ड घरी घेऊन आली. भिंगरीच्या तपासण्या मोठ्या मॅडमकडे चालू होत्या, सगळं ठीक होतं. शेवटच्या महिन्यात पाय सुजले. ‘उभं राहून मुद्रितं वाचते ना, म्हणून,’ असं भिंगरीने सांगितलं. डोकं दुखायला लागलं ते तिने सांगितलंच नाही, कारण सांगितलं असतं तर आईने तिला तडक उचलून नेलं असतं. आईचं काम काय असतं हे ठाऊक असलेल्या मुली अशाच वागतात. लपवायचं काय, हे त्यांना इतरांपेक्षा जास्त कळतं.

त्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या म्हणून जावई तिला टॅक्सीत घालून घेऊन आला. सिस्टर ड्यूटीवरच होती. वॉर्डाच्या खिडक्यांतून स्वच्छ ऊन आत आलं होतं आणि ती शेवटच्या खाटेवरच्या बाईला बाळ छातीशी धरायला शिकवत होती. दारात भिंगरी दिसली तेव्हा तिला आधी आनंदच झाला.

“आई,” भिंगरी म्हणाली, “डोळ्यांपुढे सारखं काहीतरी चमकतंय गं. चांदण्यांसारखं.”

सिस्टरचा आनंद तिथल्या तिथे विरला. तिने बीपी मोजलं आणि आकडा पाहिला, आणि ती मॅडमना बोलवायला वळतेय एवढ्यात भिंगरीचे डोळे वर गेले. जबडा आवळला. सगळं अंग ताठ झालं आणि मग झटके सुरू झाले. जावई भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. त्याला कुणी उचललं ते नंतरही कुणाला आठवेना.

घरच्या माणसाला घरच्या माणसाने हात लावायचा नाही, असा वॉर्डाचा रिवाज होता. पण दुसरी सिस्टर आत एका बाळाला जगात आणण्यात गुंतलेली, मॅडम वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियेत. हाताशी एक तरुण डॉक्टर, नुकताच शिकून आलेला. सिस्टरने मुलीला कुशीवर वळवलं, नाकाला प्राणवायूची नळी लावली, औषध मोजून भरलं. हात सवयीने चालत होते. तरुण डॉक्टरने शिरेत सुई घातली आणि सावकाश पहिला डोस दिला. सिस्टर तेवढा वेळ भिंगरीचं डोकं दोन्ही हातांत धरून बसली होती. तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते, ते ती मागे सारत होती. झटका ओसरला. औषधाची ड्रिप सुरू झाली. लघवीची नळी घातली, रक्त तपासायला गेलं. श्वास नीट चालला होता, आणि पोटातल्या बाळाचे ठोकेही ऐकू येत होते.

सगळं अगदी नियमाप्रमाणे झालं होतं. एक सोडून.

थोड्या वेळाने भिंगरी अर्धवट शुद्धीवर आली. पुढच्या तपासणीची वेळ झाली म्हणून सिस्टरने खिशातून हातोडी काढली, मुलीच्या गुडघ्याखाली हात घातला आणि ठोकलं.

काही नाही.

तिने जागा जरा बदलून पुन्हा ठोकलं. मग दुसरा गुडघा. पाय हातावर नुसता पडून राहिला. या आजारात तर गुडघा उलट जास्तच उसळतो, ठोकणाऱ्याच्या अंगावर येतो. सिस्टरने ड्रिप बंद केली, कारण नियमच तसा होता. आणि मग तिला कळलं की आपण पहिल्या डोसच्या आधी हातोडी खिशातून बाहेरच काढली नव्हती.

तेवढ्यात मोठ्या मॅडम आल्या. शस्त्रक्रियेची टोपी अजून डोक्यावरच होती.

“गुडघा?”

“नाही मॅडम.”

“आधी होता?”

आयुष्यभर जो प्रश्न सिस्टरने मुलींना विचारला, तोच तिच्यापुढे येऊन उभा राहिला होता. खोटं बोलणं सोपं होतं. इतक्या वर्षांत कुणी तिच्यावर शंका घेतली नसती. पण समोर मुलगी होती, आणि खोट्यावर औषध ठरलं असतं.

“पाहिला नाही,” ती म्हणाली. “चुकले मी.”

मॅडम तिच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या ओरडल्या नाहीत. “पोटॅशियम वगैरेचे रिपोर्ट आलेत?” त्यांनी तरुण डॉक्टरला विचारलं.

“यायचेत. मूत्रपिंडाचाही यायचाय. पिशवीत लघवी थोडीच आहे, पण नळी आत्ताच घातलीय, काही सांगता येत नाही.”

“म्हणजे मूत्रपिंड सुस्त असेल तर औषध बाहेर जात नाहीये, अंगात साठतंय,” मॅडम म्हणाल्या. “श्वास?”

“श्वास ठीक आहे. सध्या तरी.”

ते ‘सध्या तरी’ सिस्टरच्या काळजाला जाऊन लागलं. औषध चढलं असेल तर उतारा एकच, कॅल्शियम. ते शिरेत गेलं की मॅग्नेशियमचा जोर हटतो. पण चढलं नसेल तर? मग तर आपण जिथे पहारा बसवला तिथूनच तो उठवल्यासारखं झालं. बीपी अजून चढलेलंच होतं. भिंगरीच्या डाव्या हाताचं बोट मधूनच फुरफुरत होतं आणि ते सिस्टरने पाहिलं होतं. दुसरा झटका दारात उभा होता.

“सिस्टर, तुमची मुलगी आहे,” मॅडम म्हणाल्या. “आधी कधी हिचा गुडघा ठोकून पाहिलाय? वॉर्डात नसेल, घरी तरी?”

“पाहिलाय की!” सिस्टर घाईने म्हणाली. “चांगला उडायचा. लहान असताना मी रोज संध्याकाळी ठोकायचे. घरात सगळ्यांत जास्त हिचाच उडायचा. एकदा तर समोरच्या खुर्चीवरच्या तेलाच्या कुपीला लागून कुपी खाली पडली.”

हे बोलतानाच तिला उमगलं की आपण काय बोललो. आधी उडायचा, आता उडत नाही, म्हणजे औषध चढलं. मॅडमनी हात पुढे केला. तरुण डॉक्टरने कॅल्शियमचं इंजेक्शन भरून तयारच ठेवलं होतं. सिस्टरने डोळे मिटून घेतले. आईच्या साक्षीने ठरलं होतं, आणि तिची साक्ष खरी होती याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

“नव्हता उडत.”

आवाज खाटेवरून आला होता. जड, घरंगळलेला, पण शब्द स्पष्ट होते.

“काय गं?” सिस्टर खाली वाकली. “भिंगरे, काय म्हणालीस?”

“गुडघा,” भिंगरी डोळे न उघडता म्हणाली. “कधीच नाही उडायचा. मी लाथ मारायचे.”

तरुण डॉक्टरच्या हातातली सिरिंज तशीच राहिली.

“औषधाच्या गुंगीत बोलतेय का?” त्याने हळूच विचारलं.

“असेल,” मॅडम म्हणाल्या. “गुंगीतल्या माणसाच्या बोलण्यावर औषध ठरवायचं नसतं. आईच्या आठवणीवरही ठरवायचं नसतं, ते आत्ता कळलंच.” त्यांनी इंजेक्शन त्याच्याकडून घेऊन ट्रेमध्ये ठेवलं, पण हाताच्या अंतरावरच. “ए पोरी, ऐकतेस? दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकव. अशी. हुकासारखी. मी म्हणाले की जोरात ओढ, अगदी तुटतील इतकी. सिस्टर, तुम्ही ठोका.”

काही लोकांचा गुडघा नुसत्या ठोकण्याने उडत नाही, पण हात असे ताणले, लक्ष तिकडे गुंतलं, की पायाकडून थोडंसं उत्तर येतं. सिस्टरला हे माहीत होतं. ती मुलींना हेही शिकवायची. आपल्या मुलीच्या खाटेशी मात्र तिला ते आठवलं नव्हतं.

तिने भिंगरीची बोटं एकमेकांत अडकवून दिली. सुजलेली बोटं, अंगठी केव्हाच काढून ठेवलेली.

“ओढ!” मॅडम गरजल्या.

सिस्टरने ठोकलं. मांडीच्या स्नायूत काहीतरी हललं. सगळ्यांना दिसलं की नाही, तिला ठाऊक नव्हतं, पण तिच्या खाली धरलेल्या हाताला ते लागलं.

“पुन्हा. ओढ!”

या वेळी पाय बोटभर वर आला. बोटभरच, पण आला. कुणी मारलेल्या लाथेसारखा नाही, आपोआप येणारा. त्या एका बोटाएवढ्या हालचालीने सिस्टरचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी दुसऱ्या बाजूलाही तसंच पाहिलं, मग कोपरावर, मग घड्याळ लावून श्वास मोजले. तेवढ्यात मूत्रपिंडाचा रिपोर्ट आला आणि तोही चांगला निघाला.

“औषध चढलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “ही अशीच आहे. ड्रिप सुरू करा. आणि सिस्टर, तुम्ही आता बाहेर जाऊन जावयाला पाणी पाजा. इथे दुसरी कुणीतरी थांबेल.”

सिस्टर निमूटपणे बाहेर गेली. नोकरीत पहिल्यांदाच तिला कुणी वॉर्डाबाहेर घालवलं होतं, आणि तिला त्याचा राग आला नाही. बाकावर जावई पांढऱ्याफटक चेहऱ्याने बसला होता. त्याला पाणी दिलं. मग स्वतः प्यायली. मग नवऱ्याला फोन केला. तो दुकानातून तसाच तेलकट हातांनी धावत आला. तिघेही शेजारी शेजारी बसून राहिले.

संध्याकाळच्या आत भिंगरीला मुलगी झाली. चिमट्याची मदत लागली, पण झाली व्यवस्थित. वजनाला बेताची, आवाजाला भक्कम. पुन्हा झटका आला नाही. रिवाजाप्रमाणे औषध दुसऱ्या दिवशीपर्यंत चालू राहणार होतं. मॅडम घरी जाता जाता सिस्टरजवळ थांबल्या. “मुलींना पुढच्या वेळी शिकवाल तेव्हा हेही सांगाल?” त्यांनी विचारलं. “सांगेन की,” सिस्टर म्हणाली. “आधी माझंच नाव घेऊन सांगेन.” आणि तिने ते खरोखर सांगितलं, दर वर्षी, काही न गाळता. पण ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरीची ड्रिप काढली. बीपी उतरलं होतं, चेहऱ्यावरची सूज ओसरली होती. बाळ कुशीत झोपलं होतं. जावई खाली चहा आणायला गेला होता आणि आजोबा खाटेचा करकरणारा दांडा कुठून करकरतो ते पाहत होता. सिस्टरची ड्यूटी संपली होती. ती एप्रन काढून मुलीच्या उशाशी स्टुलावर बसली.

“का गं,” तिने शेवटी विचारलं, “लाथ का मारायचीस?”

भिंगरी हसली. “तुला खरंच कळायचं नाही?”

“नाही कळायचं. एवढी मोठी सिस्टर, आणि माझ्याच घरात मला फसवलंस.”

“पहिल्यांदा ठोकलंस ना, तेव्हा नव्हता उडाला,” भिंगरी म्हणाली. “मला आठवतंय. मी टेबलावर बसले होते, बाबांच्या यंत्राशेजारी. तू ठोकलंस, पाय हलला नाही, आणि तुझा चेहरा एवढासा झाला. म्हणून पुढच्या वेळी मी मारली लाथ.”

“पण दर वेळी? दर वेळी कशाला?”

भिंगरीने बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. सांगावं की नाही, असा विचार करत असावी.

“तू घरी यायचीस ना आई, तेव्हा कधीकधी दारातल्या स्टुलावर बसून राहायचीस. बूट पायात तसेच. काही बोलायची नाहीस. बाबा मला म्हणायचे, आईला जरा बसू दे. मला वाटायचं, ही आता कधीच उठणार नाही. मग मी हातोडी आणून द्यायचे, टेबलावर चढून बसायचे. तू ठोकायचीस, पाय उडायचा, आणि तू हसायचीस. हसलीस की मग बूट काढायचीस.”

आजोबाचा खाटेखालचा हात थांबला. तो खालीच वाकून राहिला, वर आला नाही.

सिस्टरला सगळ्या संध्याकाळी आठवत नव्हत्या, पण स्टूल आठवलं. ज्या दिवशी वॉर्डात एखादी बाई हातची जायची, त्या दिवशीचं ते स्टूल. तिची अशी समजूत होती की वॉर्डातलं आपण कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, पोरीला त्याची झळ लागू दिली नाही. त्या समजुतीचा तिला आतून अभिमान होता. आणि पाच वर्षांची पोर टेबलावर बसून दर वेळी तिला त्यातून बाहेर काढत होती, लाथ मारून. तिला रडू आलं, तिने ते आवरलं नाही. ती रडत असतानाच तिला हसूही आलं, कारण ती तेलाची कुपी आठवली, आणि त्या दिवशी आपण नवऱ्याला किती कौतुकाने सांगितलं होतं, की पोरीच्या मज्जातंतूंना काय जोर आहे!

“लबाड कुठली,” ती म्हणाली.

“तुझीच आहे,” भिंगरी म्हणाली.

कर्मचाऱ्यांनी रुग्णाच्या खाटेवर बसायचं नाही, हा नियम वॉर्डात सिस्टरनेच आणला होता. तिने इकडेतिकडे पाहिलंही नाही. वाकून बुटांचे बंद सोडले, बूट काढून खाटेखाली सरकवले, आणि मुलीच्या पायांशी पाय वर घेऊन बसली.